“सासूबाईंना फरक पडला” ही जाहिरात असेल तर वरच तसं लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेसबुकवरचे मराठी ग्रुप आणि इन्स्टावरची रील्स यात सध्या जे चाललंय त्याबद्दल लिहायचंय. म्हणजे जाहिरात असते पण ती जाहिरात म्हणून येतच नाही, कुणाच्या तरी घरातली गोष्ट म्हणून येते. माझं कराडला मेडिकल आहे आणि याचा परिणाम मला काउंटरवर रोज दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते, पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

पोस्ट कशी असते बघा. “मैत्रिणींनो, लिहू की नको असं चाललं होतं पण आज राहवलं नाही. माझ्या सासूबाईंची शुगर कितीतरी वर्षं कमी होत नव्हती, गोळ्या खाऊन कंटाळल्या होत्या, शेवटी गावाकडच्या एका काकूंनी ही पावडर सांगितली...” सोबत तुळशीपाशी उभ्या असलेल्या सासूबाईंचा फोटो. पावडरीचं नाव पोस्टमध्ये नसतंच, ते मुद्दाम वगळलेलं असतं, कारण मग खाली विचारणा सुरू होते. ताई कुठे मिळेल, नाव सांगा ना, आमच्या ह्यांना पण शुगर आहे. मग तीन-चार जणी येतात की आम्ही पण घेतोय, छान फरक आहे. आणि मग ताई एकेकीला “इनबॉक्स केलंय, चेक करा” म्हणून सांगते. काही दिवसांनी तीच पोस्ट दुसऱ्या ग्रुपमध्ये दुसऱ्याच नावाने, शब्दन् शब्द तीच, फक्त सासूबाईंच्या जागी आई आणि काकूंच्या जागी शेजारच्या आजी. तुळशीपाशी उभ्या असलेल्या बाई त्याच. आणि “आम्ही पण घेतोय” म्हणणाऱ्यातल्या दोघी इथे पण हजर. प्रोफाइल उघडून बघितलं तर लॉक, डीपीला फुलाचा फोटो.

आता यात कोण फसतं असं कुणाला वाटेल, तर माझ्या दुकानात येणारे एक काका फसले. शिकलेले आहेत, रिटायर्ड आहेत, पेपर रोज वाचतात. दर महिन्याला शुगरच्या मेटफॉर्मिन गोळ्या न्यायला यायचे ते यायचे बंद झाले. मला वाटलं मुलाकडे पुण्याला गेले असतील. नंतर आले ते डोळ्यापुढे अंधारी येते म्हणून, शुगर साडेतीनशेच्या वर. गोळ्या बंद का केल्या विचारलं तर म्हणाले सुनेच्या ग्रुपवर सगळ्यांना फरक पडलाय, आणि अहो ती काही जाहिरात नव्हती, बायकांनी आपापला अनुभव लिहिलेला. हे वाक्य मला फार लागलं. टीव्हीवर जाहिरात लागली असती तर याच काकांनी दुर्लक्ष केलं असतं, त्यांना जाहिरात कळते, त्यावर किती विश्वास ठेवायचा ते पण कळतं. कुणाची तरी सून म्हणून कुणीतरी बोलली, म्हणून त्यांनी ऐकलं.

पुडा त्यांनी आणून दाखवला. त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, चौदा आकडी लायसन्स नंबर होता आणि काकांना वाटत होतं की सरकारने हे औषध तपासून पास केलंय. तर तसं काही नसतं, तो खाद्यपदार्थ बनवण्याचा-विकण्याचा परवाना आहे, लोणच्याच्या बरणीवर पण असतो. त्या पुड्यावर “डायबेटीस बरा होतो” असं एक अक्षर नव्हतं, कारण लिहिलं तर कंपनी अडकते. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानेच बंदी आहे, आणि खाण्याची वस्तू म्हणून विकलं तरी रोग बरा होतो असा दावा करता येत नाही. मग जे पुड्यावर छापता येत नाही ते सासूबाईंच्या तोंडून वदवून घ्यायचं. हा सगळा प्रकार मला याच्यासाठी केलेला दिसतो.

लोकांना वाटतं सोशल मीडियावर काही कायदाच नाही. आहे, चांगला आहे. जाहिरात क्षेत्राचीच जी एएससीआय संस्था आहे तिने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी, म्हणजे सोशल मीडियावर फॉलोअर्स जमवून वस्तू सुचवणाऱ्यांसाठी, नियम काढले, १४ जून २०२१ पासून लागू. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलचे नियम आणले, जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक विभागाने सोप्या भाषेतली पुस्तिका काढली. त्यात अगदी स्पष्ट आहे की पैसे घेतले असोत, फुकट वस्तू मिळालेली असो, डिस्काउंट असो, हॉटेलात राहायला नेलं असो किंवा कंपनी नातेवाइकाची असो, ते सांगायलाच पाहिजे, सहज दिसेल असं सांगायला पाहिजे, हॅशटॅगच्या ढिगात लपवायचं नाही, आणि ज्या भाषेत पोस्ट आहे त्याच भाषेत सांगायचं. व्हिडिओ असेल तर दिसायला पण पाहिजे आणि ऐकू पण यायला पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत दंड, परत केलं तर पन्नास लाखांपर्यंत. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नचे, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवायच्या क्लृप्त्यांबद्दलचे, नियम आले, त्यात फसवणुकीचे जे तेरा प्रकार दिलेत त्यात वेष बदललेली जाहिरात हा एक आहेच, आणि सामान्य वापरणाऱ्याची पोस्ट असल्यासारखी दाखवलेली जाहिरात हे उदाहरण तिथे लिहिलेलंच आहे.

पण हे सगळे नियम सिनेमातले नट नाहीतर लाखो फॉलोअर्सवाले यांच्यासाठीच आहेत असा एक समज झालाय. माझी भाची रेसिपीचे व्हिडिओ करते, फॉलोअर्स काही हजार, तिला एजन्सीकडून मेसेज येतात ते तिने मला दाखवले. पैसे देणार नाही, बार्टर आहे, म्हणजे वस्तू फुकट आणि बदल्यात एक रील. सोबत ब्रीफ, म्हणजे रील कसं करायचं त्याच्या सूचना. त्यात लिहिलंय की घरातल्या ओट्यापाशीच शूट करा, मेकअप नको, पहिल्या काही सेकंदात ब्रँड दाखवू नका, “मला कुणी सांगितलं नाही, मीच शोधलं” अशा अर्थाचं बोला, आणि पेड पार्टनरशिपचा, म्हणजे ही जाहिरात आहे असं सांगणारा, टॅग लावू नका, रीच कमी होतो, म्हणजे कमी लोकांना दिसतं. तिने नाही म्हणून कळवलं. पण कॉलेजमधल्या, नुकत्याच घरी बसलेल्या, चार पैसे मिळाले तर बरं असं वाटणाऱ्या किती मुली हो म्हणत असतील, आणि त्यांना हे सांगायला कुणीच नाही की फुकट मिळालेला फेसवॉशचा डबा हा पण नियमाने मोबदलाच धरला जातो.

इथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगायचीय. १ जुलै २०२२ पासून इन्कम टॅक्समध्ये १९४आर कलम लागू झालं, त्यानुसार अशी मिळालेली वस्तू इन्फ्लुएन्सरने स्वतःकडे ठेवली आणि वर्षात एका कंपनीकडून वीस हजारांच्या वर गेली तर कंपनीने दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून भरायचा कर, कापायचा. वस्तू परत दिली तर नाही. म्हणजे कर घेताना सरकारला कळतं की ही भेट नाही, ही कामाची कमाई आहे, कंपनीला पण कळतं कारण खर्च तिच्या वहीत आहे, एजन्सीला कळतं, पोस्ट टाकणारीला कळतं. कळत नाही ते फक्त बघणाऱ्याला. ज्याच्या खिशातून शेवटी पैसे जाणार तो एकटा अंधारात, हे कसं काय चालतं?

आणि ग्रुप अ‍ॅडमिन. यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही. मोठमोठे ग्रुप आहेत, पाककृतीचे, गावांचे, वारीचे, आईपणाचे. अ‍ॅडमिनने अ‍ॅप्रूव्ह केल्याशिवाय पोस्ट जात नाही, साध्या बाईने स्वतःच्या घरच्या चकलीची ऑर्डर घ्यायची पोस्ट टाकली तर “जाहिरात चालणार नाही” म्हणून उडवतात, ती बिचारी उघड सांगतेय की मी विकते. आणि तिथेच या सासूबाई दोन-दोन दिवस वर पिन केलेल्या. पैसे घेऊन पिन करत असाल तर करा, ग्रुप चालवायला वेळ जातो, मोबदला घेणं वाईट नाही, पण मग पोस्टच्या पहिल्या ओळीत “जाहिरात” लिहा आणि चकलीवाल्या ताईला पण तोच न्याय लावा. प्रामाणिकपणे विकणारीला बाहेर आणि खोटं बोलून विकणारीला आत, असं होतंय आज.

संपादक साहेब, तुमच्या क्षेत्राने हे आधीच भोगलंय. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याकडे पैसे घेऊन बातम्या छापल्याचं प्रकरण किती गाजलं, प्रेस कौन्सिलला उपसमिती नेमावी लागली. वाचकाला बातमी म्हणून जाहिरात दिली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणूनच तुमच्याकडून अपेक्षा जास्त आहे.

दोन विनंत्या आहेत. एक, तुमच्या पुरवण्यांमध्ये पण कधी कधी क्लासेसची नाहीतर प्लॉटची पानभर “माहिती” येते, कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी असतं, ते मोठ्या अक्षरात करा. दुसरं, तक्रार कशी करायची याची एक चौकट छापा, एकदा नाही, अधूनमधून. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, फुकट आहे, हे माझ्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांना माहीतच नसतं. मी काउंटरवर चिकटवलाय. आणि त्या चौकटीत हे पण लिहा की तक्रार करायच्या आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, खात्याचं नाव, तारीख आणि खालच्या कमेंट दिसतील असा, शिवाय इनबॉक्समध्ये आलेला मेसेज आणि पैसे पाठवल्याची पावती पण ठेवा, कारण बोंब झाली की पोस्ट डिलीट होते आणि मग हातात काहीच राहत नाही.

आपली,
एक मेडिकल दुकानदार, कराड