माळा जळल्या त्या मावशींच्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा इथं कोल्हापुरात आमच्या भागात परत परदेशी मालाविरोधात घोषणा झाल्या, अमेरिकेनं आपल्या मालावर टॅरिफ म्हणजे आयात कर लावलं म्हणून यावेळी कोल्ड्रिंकच्या बाटल्या रस्त्यावर ओतल्या. ते बघून मला गेल्या दिवाळीतली एक रात्र आठवली आणि राहवेना म्हणून हे लिहितोय. जमलं तर पूर्ण छापा.

महाद्वार रोडच्या जवळच एका गल्लीच्या तोंडाला एक मावशी हातगाडीवर लायटिंगच्या माळा विकायच्या. माल मुंबईच्या लोहार चाळीतनं आणलेला, निम्मा उधारीवर. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दहा-बारा जण आले, चायना माल म्हणून ओरडले, खोकी रस्त्यावर उलटी केली आणि पेटवून दिली. फोटो झाले, व्हिडिओ झाले, अर्ध्या तासात सगळे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपला जाताना बघितलं तर मावशी तिथंच फुटपाथवर बसून जळक्या वायरीतलं तांबं सोलत होत्या, एकेक तार, बोटं काजळीनं काळी झालेली. मी थांबलो तर म्हणाल्या, "भंगारात किलोवर घेत्यात रं बाळा, निघंल तेवढं निघंल."

मला सांगा, यात चीनचं काय बिघडलं? तिथल्या कारखान्याचे पैसे त्याला कधीच पोचले होते, आयात करणाऱ्यानं कस्टम ड्युटी भरली होती, होलसेलवाल्यानं आपला नफा लावला होता, सरकारला टॅक्स मिळाला होता. गाडीवर आली तेव्हा ती माळ मावशींची होती, म्हणजे जाळला तो कोल्हापुरातल्या एका बाईचा माल जाळला. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. आणि हा माल बंदरातनं कायद्यानं आत येतो, तो येऊ द्यायचा की नाही हे दिल्लीत ठरतं, मग तिथं विचारायचं सोडून हातगाडीवर राग काढायचा ही कुठली मर्दानगी?

गलवानमध्ये २०२० साली आपले २० जवान गेले तेव्हा माझंही रक्त खवळलं होतं, बहिष्काराच्या घोषणा मीपण दिल्यात, त्याबद्दल मला लाज वाटत नाही. पण त्यानंतर झालं काय ते बघा. २०१९-२० ला चीनबरोबरची आपली व्यापार तूट ४८-४९ अब्ज डॉलर होती, ती २०२४-२५ ला ९९ अब्जांच्या वर गेली, म्हणजे बहिष्काराच्या पाच वर्षांत दुप्पट. कारण आपल्या कारखान्यांना लागणारे इलेक्ट्रॉनिक पार्ट, मशिनरी, औषधांचा कच्चा माल हे सगळं तिथनंच येतं. ते इथं बनवायचं म्हटलं तर दहा-वीस वर्षं खपावं लागतं, भांडवल लागतं, शिकलेली पोरं लागतात. माळा जाळायला काय, एक काडी लागते.

मी उद्यमनगरात जॉबवर्क करतो, शिरोलीच्या फौंड्रीतनं कास्टिंग म्हणजे धातूचे ओतीव भाग येतात, आम्ही मशिनिंग करून परत पाठवतो आणि त्यातला बराच माल पुढं अमेरिकेला नाहीतर युरोपला जातो. माझं मशीन भारतात जोडलेलं आहे पण कंट्रोलर जपानचा, बॉल स्क्रू तैवानचा, धातू कापायचे इन्सर्ट कधी कोरियाचे कधी इस्रायलचे. यातलं एक जरी बंद झालं तरी माझ्याकडची सहा माणसं घरी बसतील. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, सगळीकडं हेच आहे, कोल्हापूरचं कास्टिंग जगात जातं म्हणून आपण छाती फुगवून सांगतो ना, मग तिकडच्या लोकांसाठी आपला माल परदेशीच की! अमेरिकेनं २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या बऱ्याच मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं आणि आठवड्यात आम्हाला निरोप आला की पुढचं शेड्यूल थांबवा. तयार केलेले दोन पॅलेट माझ्या शेडमध्ये अजून तसेच पडलेत, वर गंज धरायला लागलाय, पोरं दर आठवड्याला तेल मारतात. तिकडच्या पुढाऱ्यानं परदेशी मालावर राग काढला की इथं काय होतं ते मी रोज बघतोय, म्हणून इकडच्या पुढाऱ्यानं तसलंच भाषण केलं की माझ्याच्यानं टाळी वाजववत नाही.

मी सगळं मोकळं सोडा म्हणत नाही. कुणी स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा कमी भावात इथं माल ओतून आपला धंदा मारत असेल तर अँटी डम्पिंग ड्युटी लावायचा कायदा आहे, त्यासाठी दिल्लीत खातं आहे, तिथं पुराव्यानिशी अर्ज करावा लागतो. छोट्या कारखानदाराला ते एकट्याला जमत नाही. नेत्यांनी ते करावं, त्यांना कागदपत्रं आम्ही पुरवू.

आता कोल्हापुरी चपलेचं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा या इटलीच्या कंपनीनं आपल्यासारखी चप्पल दाखवली, सुरुवातीला कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, आणि आपण सगळे चिडलो. चिडायलाच पाहिजे होतं, २०१९ पासून चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्यात आपले चार जिल्हे आणि कर्नाटकचे चार. पण त्याच्या पुढच्याच महिन्यात, २४ जुलैला, ब्रिटनबरोबर मुक्त व्यापार करार झाला आणि चामड्याच्या चपलांवर तिथं लागणारी ड्युटी शून्य करायचं त्यात ठरलं. यावर एका तरी नेत्यानं चप्पल कारागिरांच्या सुभाषनगरात जाऊन सांगितलं का, की बाबांनो तुमचा जोड लंडनला कसा जाईल, साइज कसे ठेवायचे, कुठला दाखला लागतो, पैसे कुठल्या खात्यात येतील? कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावायचं, तळ वादीनं शिवायचा, घरातल्या बायकांनी वेण्या वळायच्या, एवढं करून कारागिराच्या हातात काय पडतं ते चप्पल लाईनला जाऊन विचारा. आणि पोरगं हा धंदा करणार का तेपण विचारा.

१९०६ साली देशभर स्वदेशीची चळवळ पेटलेली असताना शाहू महाराजांनी इथं कापड गिरणी काढली. त्याआधी शाहूपुरीची पेठ वसवली होती. किती घरांची चूल त्या गिरणीवर पेटली, माझ्या आजोबांची त्यातलीच एक. गिरणी बंद पडून किती वर्षं झाली, त्या भोंग्यासाठी चौकात कुणी बाटली ओतल्याचं मी तरी बघितलं नाही.

मावशींनी यंदा माळा ठेवल्या नाहीत, पणत्या आणि रांगोळी घेऊन बसल्यात. लोहार चाळीचे साडेचार हजार अजून फिटायचेत, महिन्याला पाचशे पाठवतात. गेल्या वर्षी आलेल्यांपैकी कुणाला ते भरायचे असतील तर गाडी त्याच जागेवर असते, संध्याकाळी पाचनंतर.

आपला,
एक जॉबवर्कवाला, उद्यमनगर, कोल्हापूर