सूचना : कॅनडातल्या विनिपेगला जाणाऱ्या माहितीपट गटासाठी
आपलं विमान टोरंटोमार्गे आहे, त्यामुळे इमिग्रेशन आणि कस्टम्स टोरंटोलाच. कार्नेवर (उपकरणं तात्पुरती परदेशी नेण्यासाठीचा, त्यांची यादी असलेला कस्टम्सचा कागद) शिक्का तिथेच मारून घ्या, विसरलात तर परतताना अडचण होते. यादीतले सिरियल नंबर कॅमेऱ्यांशी घरीच ताडून बघा. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातसामानातच ठेवा, टोकांना चिकटपट्टी लावून.

जानेवारीत बाहेर उणे २० सहज असतं. पण कॅमेऱ्याला खरा धोका आत शिरताना! थंड लेन्सवर खोलीतल्या उबदार हवेतलं बाष्प साचतं, कधी आतल्या काचांवरही. म्हणून बाहेरच मेमरी कार्ड काढून घ्या, कॅमेरा झिपच्या पिशवीत हवाबंद करा आणि खोलीत किमान दोन तास उघडू नका. फुटेज तेवढ्यात उतरवून होतं. बाहेर असताना जादा बॅटऱ्या थंडी लागू नये म्हणून जॅकेटच्या आतल्या खिशात. तिथली वीज १२० व्होल्ट, चार्जरवरचा आकडा बघून घ्या.