मा. आरोग्यमंत्री साहेब, पेशंटच्या कार्डावरून तरी राजकारण बाजूला ठेवा

मा. आरोग्यमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

नमस्कार. मी मराठवाड्यातला आहे, गावातल्या आजारी लोकांचे कागद जमवून त्यांना सरकारी योजनेत बसवून द्यायचं काम करतो. कुठल्याही पक्षाचा नाही, म्हणून सगळ्यांबद्दलच बोलतो.

2012 ला गरिबांच्या मोफत उपचाराची राजीव गांधी जीवनदायी योजना आली, आधी 8 जिल्ह्यांत, मग 2013 ला राज्यभर. सरकार बदललं आणि 2017 ला तीच योजना महात्मा फुलेंच्या नावाने झाली. 2018 ला केंद्राची आयुष्मान भारत आली, तिचं कार्ड वेगळं, लाभार्थ्यांची यादी वेगळी, 2020 मध्ये दोन्ही जोडल्या. फुलेंच्या नावाला कोण नाही म्हणेल, सावित्रीबाई तर 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करतानाच गेल्या. पण ज्या बाईच्या नवऱ्याचं हार्टचं ऑपरेशन अडलंय तिला एवढंच कळायला पाहिजे की कुठं जायचं आणि कुठला कागद न्यायचा, आणि तेच कळत नाही. आरोग्यमित्रापर्यंत, म्हणजे हॉस्पिटलात योजनेची मदत करणाऱ्या माणसापर्यंत, पोचायच्या आधीच कुणीतरी सांगतं की ती योजना बंद पडली, मग माणूस व्याजाने पैसे उचलतो. 2023 ला सगळ्या रेशनकार्डवाल्यांना 5 लाखांपर्यंत कव्हर द्यायचं ठरलं, हे चांगलंच केलं, पण अजूनही पिवळं केशरीच लागतं असं समजणारे लोक मला भेटतात. बॅनरवर नेत्यांचे फोटो भरपूर, ही माहिती मात्र कोपऱ्यात.

दुसऱ्या राज्यांतही हेच. बंगाल 2019 ला आयुष्मानमधून बाहेर पडलं, दिल्ली 2025 ला सरकार बदलल्यावर आत आली. मधल्या काळात तिकडून कॅन्सरच्या उपचाराला मुंबईत टाटाला येणाऱ्या गरीब माणसाला आयुष्मानचा आधार नव्हता, त्याचा काय दोष? पंजाबात 'आम आदमी क्लिनिक'च्या नावाच्या आणि फोटोच्या वादात केंद्राने राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी अडवला.

आणि साहेब, सगळ्यात जास्त राग येतो तो खातेवाटपाचा. पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), ग्रामीण रुग्णालय तुमच्या खात्याकडे आणि मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, आणि युतीत दोन्ही खाती वेगवेगळ्या पक्षांना जातात. महाविकास आघाडीत आरोग्य राष्ट्रवादीकडे आणि वैद्यकीय शिक्षण काँग्रेसकडे होतं, नंतर महायुतीत आरोग्य शिवसेनेकडे आणि वैद्यकीय शिक्षण राष्ट्रवादीकडे गेलं. खालून रेफर केलेला पेशंट वर पोचतो तेव्हा तो एका मंत्र्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेलेला असतो, मग औषध नाही, बेड नाही, याचा जाब विचारायचा कुणाला? ऑक्टोबर 2023 ला नांदेडच्या सरकारी हॉस्पिटलात 24 तासांत 24 जण गेले, त्यातली 12 नवजात बाळं. त्यानंतर काय झालं, तर एका खासदारांनी डीनला टॉयलेट साफ करायला लावलं आणि बाकीचे एकमेकांच्या सरकारांवर बोलत बसले. त्या बाळांच्या आया अजून इथंच राहतात साहेब.

माझं मागणं एवढंच. योजनेचं नाव आणि कार्ड सरकार बदललं तरी बदलणार नाही असं विधानसभेत सगळ्या पक्षांकडून वदवून घ्या. रेफरल, औषधखरेदी आणि बेड या तीन गोष्टींसाठी दोन्ही खात्यांचा मिळून एकच जबाबदार अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात नेमा, त्याचा नंबर प्रत्येक पीएचसीच्या भिंतीवर रंगवा. आणि येत्या अधिवेशनात यावर उत्तर द्या.

आपला,
मराठवाड्यातला एक नागरिक