आशा तुरुंगापर्यंत पोहोचावी

महोदय,

कॅथलिक ख्रिस्तसभेचे ‘आशेचे यात्रिक’ हे ज्युबिली वर्ष (क्षमा व कृपेचे विशेष वर्ष) ६ जानेवारी २०२६ रोजी संपले. या वर्षात विधिपूर्वक उघडल्या जाणाऱ्या पवित्र द्वारांपैकी एक पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या रेबिबिया तुरुंगात उघडले होते. नाताळात कैद्यांना केक वाटणे ठीकच. पण खटल्याचा निकाल न लागलेल्या कच्च्या कैद्याला हवा असतो जामीनदार.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचे असते. अर्ज तुरुंग अधीक्षकाने करायचा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळलेले आहेत, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असले तरी लाभ नाही. मेख इथेच आहे: भुरट्या चोरीतल्या गरिबावर अनेकदा दोन-तीन गुन्हे असतातच.

जामीन मंजूर झालेलेही ऐपतीच्या दाखल्याअभावी आत राहतात. महिनाभरात हमी देता आली नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले आहे. धर्मग्रामांतील (चर्चच्या स्थानिक समुदायांतील) वकिलांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला भेटून अशा कैद्यांची माहिती घ्यावी, घरच्यांना गाठून रेशनकार्ड व पत्त्याचा पुरावा जमवावा आणि जातमुचलक्यावर (जामीनदाराविना, कैद्याच्या स्वतःच्या हमीवर) सुटकेसाठी अर्ज करावा.

– एक वाचक, वसई