गोळ्यांची साखळी उलगडणाऱ्या डॉक्टरांना

प्रिय डॉक्टर,

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि "पायावरची सूज कशी आहे?" असं विचारता. म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितेय, कारण पन्नाशी मागे टाकून साठीकडे निघालेल्या माझ्यासारख्या कित्येकांच्या औषधांच्या डब्यात अशीच गर्दी असणार. तुम्ही माझ्या बाबतीत काय केलंत, ते त्यांच्याही कानावर जावं.

तुमच्याकडे आले तेव्हा कुठकुठल्या गोळ्या बंद करून घ्यायच्या, हे मी मनाशी ठरवूनच आले होते. पहिल्या भेटीत तुम्ही एकही बंद केली नाहीत. घरात असेल नसेल ते सगळं घेऊन यायला सांगितलंत. चिठ्ठीवरचं, चिठ्ठीशिवायचं, मलमं, जीवनसत्त्वं, कुणीतरी सुचवलेली पावडर, सगळं. पुढच्या वेळी ते टेबलावर मांडलंत. मला वाटलं, बीपीचं एका बाजूला, पोटाचं दुसऱ्या बाजूला असं लावाल. तुम्ही लावलंत ते सुरू झालेल्या क्रमाने. आधी कुठली आली, तिच्यामागून कुठली, मधे साधारण किती काळ गेला. माझं सगळं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं, नोंद दिसली की व्हाउचर मागायचं ही सवय हाडात मुरलेली. पण माझ्याच गोळ्यांचं व्हाउचर तोवर कुणी मागितलं नव्हतं. त्यात कुणाला दोष देण्यासारखंही काही नाही. प्रत्येक गोळी वेगळ्या वेळी, वेगळ्या तक्रारीवर, वेगळ्या माणसाने लिहिलेली होती आणि त्या त्या दिवशी बरोबरच होती.

टेबलावरच्या त्या रांगेत अगदी पहिली होती गुडघ्याची वेदनाशामक गोळी. डायक्लोफेनॅक, रोजची. पुढे पोटात जळजळ सुरू झाली म्हणून ॲसिडिटीची गोळी. बीपी वाढलेलं निघालं म्हणून ॲम्लोडिपिन. घोटे सुजले म्हणून लघवीची गोळी. लघवीला रात्री उठावं लागे, झोपमोड होई, म्हणून झोपेची गोळी. झोपेच्या गोळीने सकाळ जड जाई, चालणं सुटलं, वजन वाढलं, शुगर वर गेली, मग मेटफॉर्मिन. मी ती रांग बघतच राहिले. या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि बीपी चढू शकतं, हे तुम्ही सांगितलंत. ॲम्लोडिपिनने येणारी घोट्यांची सूज पाणी जास्त झाल्याची नसते, बारीक रक्तवाहिन्या सैलावून त्यातून पाणी बाहेर झिरपतं, म्हणून लघवीच्या गोळीचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही, हेही सांगितलंत. म्हणजे ती गोळी मला जे देत होती ते मुख्यतः रात्रीचं जागरण.

एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्यावर दुसरं औषध सुरू होतं, याला वैद्यकात 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' म्हणतात. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात हे नाव रूढ केलं. हे मी नंतर वाचलं. तुम्ही त्या दिवशी एवढंच म्हणालात, "हा माझा अंदाज आहे. खरा की खोटा ते एकेक गोळी काढून बघितल्यावरच कळेल, आणि काढण्याआधी तयारी करावी लागेल." अंदाजाला अंदाज म्हणणारा माणूस मला फार आवडतो.

तयारीतलं पहिलं काम म्हणजे बीपी नीट मोजायला शिकणं. मला वाटायचं, त्यात काय शिकायचं? पट्टा बांधायचा आणि बटण दाबायचं. तुम्ही खुर्चीत टेकून बसवलंत, पावलं जमिनीवर, पाय एकमेकांवर न टाकता, दंड हृदयाच्या पातळीला टेकवलेला. पाच मिनिटं गप्प बसायचं. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, व्यायाम नाही. दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. घरी मोजलेल्या बीपीची सरासरी १३५/८५ किंवा त्यावर राहिली तर ते जास्त धरतात. दवाखान्यातली नेहमीची १४०/९० ची रेघ घरी लागू होत नाही, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. उभं राहिल्यावरचं बीपीही तुम्ही मोजायला लावलंत. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा त्याहून जास्त घसरला तर तोल जाऊन पडण्याची भीती असते. माझ्या वहीत अशा घसरणीचे आकडे सापडले आणि औषध कमी करायचा विचार तिथून खरा सुरू झाला.

दुसरी तयारी पायांची. याबद्दल सविस्तर लिहिणार आहे, कारण मला सगळ्यात कमी विश्वास याच्यावर होता.

गुडघा दुखतो तर त्याला विश्रांती द्यावी, असं मी धरून चालले होते. तुमच्या फिजिओथेरपिस्ट सहकाऱ्यांनी मला खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं आणि मला ते धड जमेना. गुडघ्याची झीज एक्स-रेत दिसत होती, पण मांडीच्या पुढच्या स्नायूची झीज कुठल्याच रिपोर्टात नव्हती. उतारवयात स्नायू घटतात, त्याला सार्कोपेनिया हे नाव अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवलं. मी म्हटलं, या वयात आता कसले स्नायू येणार? त्यावर तुम्ही १९९० मधला मारिया फियाटारोन यांचा अभ्यास सांगितलात. काळजीगृहात राहणाऱ्या, वयाच्या नव्वदीच्या आसपास असलेल्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं, तेही फुलासारखं हलकं नव्हे, झेपेल तितकं जड. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतल्या माणसांना जमलं म्हटल्यावर माझी सबब तिथेच संपली.

मग खुर्चीतून उठणं-बसणं, पायरी चढणं-उतरणं, भिंतीला पाठ लावून अर्धं खाली जाणं, घोट्याला वजन बांधून पाय सरळ करणं. दिवसाआड, आणि सोपं वाटायला लागलं की थोडं अवघड करायचं. हा "थोडं अवघड" भाग मी एरवी खुशाल गाळला असता. रोज तेच तेवढंच केलं तर शरीर तिथेच थांबतं, हे फिजिओथेरपिस्टनी माझ्या गळी उतरवलं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम वाढेल असं चालणं-फिरणं सांगते. स्नायूंच्या व्यायामाचे निदान दोन दिवस त्याशिवाय वेगळे. चालण्याचा तो आकडा सगळ्यांना पाठ असतो, स्नायूंच्या दोन दिवसांचं कुणी बोलत नाही. जेवणानंतर रक्तातली साखर उचलून घेणारा सर्वांत मोठा गिऱ्हाईक स्नायूच असतो, म्हणजे गुडघ्यासाठी केलेलं काम शुगरच्या खात्यातही जमा होत होतं.

गुडघा सावरायला महिने लागले. मग वेदनाशामक गोळी गेली आणि तिच्या जागी फक्त गरजेपुरतं वरून लावायचं मलम आलं. वजन कमी होत होतं, त्याचाही हात लागला असणार. वजन एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. पुढचा क्रम तुम्ही ठरवलात. आधी लघवीची गोळी, मग ॲम्लोडिपिन निम्मी, एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर काही आठवडे वहीतले आकडे बघून मगच पुढचा. मला घाई होती, तुम्हाला नव्हती. "दोन एकदम काढल्या आणि काही बिघडलं, तर कुणामुळे बिघडलं ते कसं कळणार?" या प्रश्नाला हिशेबनीस बाईकडे उत्तर नव्हतं.

ॲसिडिटीच्या गोळीबद्दल तुम्ही आधीच सावध केलं नसतंत तर मी नक्की परत तिच्याकडे गेले असते. ती बरेच महिने घेतल्यावर एकदम थांबवली की पोट काही काळ नेहमीपेक्षा जास्त आम्ल तयार करतं, आणि माणसाला वाटतं, बघा, आपल्याला गोळी लागतेच. म्हणून डोस हळूहळू उतरवला. ती गोळी आणि मेटफॉर्मिन दोन्ही दीर्घकाळ घेतल्या की बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्याने मुंग्या येऊ शकतात, म्हणून तेही तपासून घेतलंत. पायाला येणाऱ्या मुंग्यांना मी वयाच्या खात्यात टाकलं होतं.

झोपेच्या गोळीला सर्वांत जास्त वेळ गेला. ती आपल्या मनाने कधीच थांबवायची नाही, हे तुम्ही मला दोनदा बजावलंत आणि दर काही आठवड्यांनी अगदी बारीक तुकड्याने डोस उतरवलात. जोडीला निद्रानाशावरची वर्तनोपचार पद्धत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ पासून प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळीऐवजी तीच सुचवली आहे. ऐकायला सौम्य वाटते, करायला मात्र जाच आहे. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही, वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठायचं, रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही. पहिल्या काही आठवड्यांत मी घरात सगळ्यांवर खेकसत होते आणि मनातल्या मनात तुमच्यावरही.

शुगरच्या बाबतीत मी एक कात्रण घेऊन आले होते. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या माणसांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरीच्या आहारावर ठेवलं. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के जणांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता, आणि १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. मी म्हटलं, मला हेच करायचंय. तुम्ही कात्रण हसण्यावारी नेलं नाहीत. ती माणसं मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतली होती, मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या देखरेखीखाली पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, आणि दोन वर्षांनी तो ४६ चा आकडा ३६ वर आला होता, हे सगळं समजावलंत. घरी एकटीने एवढं कमी खाऊन गोळ्याही चालू ठेवल्या तर कुठल्या गोळीने शुगर, कुठल्या गोळीने बीपी धोकादायक खाली जाऊ शकतं तेही सांगितलंत. आम्ही हळूचा रस्ता धरला. एचबीए१सी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगते, तेव्हा दर आठवड्याला तिची वाट बघण्यात अर्थ नाही, हे मला पटायला वेळ लागला. आज मेटफॉर्मिन निम्मी आहे. ती शून्य होईल का ते माहीत नाही, आणि तुम्हीही तसं कबूल केलेलं नाही.

मीठ कमी करणं मला सर्वांत कंटाळवाणं वाटलं आणि अजूनही वाटतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ६० ते ८० वर्षांच्या ९७५ जणांचं बीपीचं औषध देखरेखीखाली थांबवून बघितलं होतं. मीठ आणि वजन कमी केलेल्यांत गोळीशिवाय टिकणारे जास्त निघाले. पण बऱ्याच जणांना गोळी पुन्हा सुरू करावी लागली, हे वाक्य तुम्ही मुद्दाम जोडलंत. माझी बीपीची गोळीही पूर्ण गेलेली नाही. कमी डोसची एक आहे.

आता ज्या दोन गोळ्यांवर आपला वाद झाला, त्यांच्याबद्दल तुमचे आभार वेगळे. थायरॉइडची आणि कोलेस्टेरॉलची. बाकीच्या उतरत होत्या तसा मला चेव चढला होता आणि याही सोडाव्यात असं वाटत होतं. तुम्ही म्हणालात, तुमची थायरॉइड ग्रंथी पुरेसं संप्रेरक बनवत नाही. कितीही चाललात तरी ती बनवायला लागणार नाही. कोलेस्टेरॉल आमच्या घराण्यातच जन्मापासून जास्त, त्याचंही तेच. या दोन गोळ्या घेणं म्हणजे माझं काही कमी पडलं असं नाही, हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की माझा राग कुठे गेला कळलं नाही. गोळ्या सोडणं हीच शर्यत करून बसलेली माणसं मी आता आजूबाजूला बघते. बीटा-ब्लॉकरसारखी हृदयाची गोळी एके दिवशी अचानक बंद करणारेही दिसतात, आणि त्यात किती धोका असतो ते त्यांना सांगायला कुणीतरी हवं असतं.

तुमच्या फिजिओथेरपिस्ट सहकाऱ्यांनाही हे पत्र दाखवा. खुर्चीतून उठताना माझी फजिती झाली तेव्हा ते हसले नाहीत, ते माझ्या लक्षात आहे.

शेवटी एक विनंती. नवी गोळी लिहिताना तुम्ही तिच्या पुढे कशासाठी आणि पुन्हा कधी तपासायची, हे दोन शब्दांत लिहिता. तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरांनाही ही सवय लावाल का? जागा नसते, वेळ नसतो, सगळं मान्य. तरी लावा.

तुमची कृतज्ञ,
वहीवाली रुग्ण