चिमीच्या पायाचं पत्र

सेलू, पोळ्याच्या करीचा दुसरा दिवस

प्रिय मंदे,

फोन नाही, पत्र नाही म्हणून फुगून बसली असशील, तर बस. माझी साखर आहे तिथंच आहे, ह्यांचे गुडघे आहेत तिथंच आहेत. झालं तब्येतीचं.

लिहायला बसले ते चिमीच्या पायापायी. हसू नको. दुसऱ्या कुणाला कोंबडीच्या पायाचं एवढं सांगितलं तर मला येरवड्याला धाडतील. चिमी म्हणजे तीच, तुझ्या नव्या चपलेत अंडं घातलं होतं ती.

श्रावण लागला आणि ही उजवा पाय उचलून धरायला लागली. उलटी करून पाहिलं, तर तळपायाच्या गादीवर नखाएवढी काळी खपली, भोवती सूज, हाताला गरम. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, बंबलफूट. स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू असतात म्हणे. एरवी कातडीवर नुसते बसून असतात, जरा खरचटलं की आत शिरतात. मला म्हणाले, तुमची साखर आहे, हातमोज्याशिवाय शिवायचं नाही, हे जंतू माणसालाही सोडत नाहीत. म्हणजे कोंबडीच्या दवाखान्यात औषधपाणी तिचं आणि पथ्य मला.

आपलं गळू कसं पिकतं, फुटतं, वाहून जातं. कोंबडीचा पू वाहतच नाही गं. आतल्या आत त्याचा पिवळट, घट्ट चोथा होतो आणि औषध त्याच्या आत पोचतच नाही. नुसत्या इंजेक्शनानं भागत नाही ते म्हणून. मग पाटीत कोमट पाणी, त्यात एप्समचं मीठ, चिमी टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर. डोळ्यावर पदर टाकला की गप्प बसते. खपली मऊ पडली तशी डॉक्टरांनी ती कडेनं सोडवली, खालचा चोथा चिमट्यानं धरून ओढला. निघता निघेना. मग एकदम आला आणि मागं खड्डा राहिला. बीटाडीन, जाळीचं कापड, वरून बोटाबोटांतून फिरवलेली चिकटपट्टी. पट्टी रोज बदलायची, आणि रोज ती चोचीनं उपसायची.

तुझी हळद निघालीच तिथं. वसतिगृहात माझ्या मानेवरच्या गळवाला तू हळद थापली होतीस, माझा पांढरा ब्लाऊज गेला आणि आपण दिवाळीपर्यंत बोललो नाही. डॉक्टरांना विचारलं, हळद लावू का? म्हणाले, आत चोथा आहे तोवर वरून काहीही लावा, उपयोग नाही. तू हरलीस. ब्लाऊजचे पैसे अजून बाकी आहेत.

बरं वाटलं की परत सुजायचा. शेवटी डॉक्टरांनी जखमेतला नमुना परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासायला पाठवला, कोणतं औषध लागू पडतंय ते बघायला. आधी देत होतो ते त्या जंतूंना लागतच नव्हतं. आता बदललंय.

आणि मूळ कशात होतं, तर भाऊजींच्या खुराड्यात! बसायची दांडी बाभळीची, गाठीगाठींची, ४ फुटांवर. ही गिरिराज जातीची, अंगानं जड. रोज सकाळी तिथून धप्पकन खालच्या फरशीवर. त्यात पाऊस, काळी माती, खाली भुसा ओलाच. डॉक्टर म्हणाले, दांडी रुंद, गुळगुळीत करा आणि १८ इंचांवर आणा. भाऊजी म्हणाले, माझं खुराडं आमदारानं वाखाणलंय. आमदार काय त्या दांडीवर झोपणार होता? ते बाजाराला गेले तसं सुताराला बोलावून काम उरकलं. तेव्हापासून माझ्या हातचा चहा घेत नाहीत. साखरेची बचत.

आत्याबाईंचं वेगळंच. करीला हिलाच घाला म्हणत होत्या. औषध चालू आहे, अंडं नाही, मटण नाही, हे त्यांना पटतच नाही. अंडी उकिरड्यात पुरताना मला अशा बघतात की बस.

पण मंदे, चार दिवस झाले, सूज घोट्याकडे चढलीय. हाडात, सांध्यात गेलं तर मग इलाज नाही, असं डॉक्टर स्पष्ट बोलले. सोमवारी परत उघडून बघायचंय. हाडापर्यंत गेलेलं दिसलं तर तिला या त्रासातून कायमचं सोडवायचं का, हे मी ठरवायचं. घरात विचारायची सोय नाही, इथं सगळ्यांचं उत्तर रश्श्यात आहे. लाल्याच्या वेळी तू म्हणाली होतीस, खायचं सोडलं की समजायचं. चिमी एका पायावर उभी राहून का होईना, ज्वारी टिपतेय. पण तुरा फिकट पडलाय. याचं काय समजायचं, तेवढं सांग.

प्रीतीचं कळलं. जावयाशी तू बोलू नको, भाऊंना बोलू दे. आणि घर विकायची घाई करू नको, सविस्तर भेटल्यावर.

सोमवारच्या आत येत असलीस तर ती चिकटपट्टी घेऊन ये, आपोआप स्वतःलाच चिकटते ती. इथली पाण्यानं सुटते. भाऊजींसमोर दांडीचा विषय काढू नको.

तुझी,
कुसुम