तालमीच्या किल्लीबद्दल आभार

प्रयोग तोंडावर आला आणि आमची तालमीची जागा गेली. पैसे संपलेले, दोघं नट नोकरीच्या शोधात. तेव्हा ज्या संस्थेनं हॉलची किल्ली आमच्या हातात दिली, तिथल्या सगळ्यांचे मनापासून आभार. एका प्रयोगापुरती मदत कधीमधी मिळते, तुम्ही मात्र "पुढच्या नाटकाचं काय?" असं विचारलंत आणि काही वर्षांची जबाबदारी घेतलीत. मानधन तालमीच्या दिवसांचंही, बॅकस्टेजच्या मुलांनाही! हे फार कमी ठिकाणी घडतं. संहितेत कुणी ढवळाढवळ केली नाही. पहिलं नाटक चाललं नाही, तरी किल्ली आमच्याकडेच राहिली. रात्री उशिरापर्यंत थांबून लाइट लावायला शिकवणाऱ्या काकांचे तर विशेष आभार. नव्या नाटकाला तुम्ही सगळे पहिल्या रांगेत हवेत.